नाव कोण ठेवणार? : ईआरपी सॉफ्टवेअर आणि बहुराष्ट्रीय कंपन्यांची मूल्यसाखळी

सगळे स्थिरस्थावर झाले असतील तर सुरुवात करू या.

आजचा विषय ऐकायला जरा रुक्ष आहे, हे आधीच कबूल करतो. ईआरपी, म्हणजे उद्योगाच्या सगळ्या साधनांचं एकत्र नियोजन करणारं सॉफ्टवेअर, बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या मूल्यसाखळीचं नेमकं काय करतं? आपल्यापैकी काही जण या सॉफ्टवेअरवर रोज काम करतात. काही जण ते दुसऱ्यांच्या कंपनीत बसवून देण्याचं काम करतात. आणि काहींनी ही तीन अक्षरं फक्त नोकरीच्या जाहिरातीत वाचली असतील. तिघांनाही सोयीची पडेल अशी एक साधी वस्तू घेऊन सुरुवात करू. व्हॅनिला.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात नेस्ले या स्विस कंपनीच्या अमेरिकी शाखेत एक पथक कंपनीच्या खरेदीचा आणि हिशेबांचा धांडोळा घ्यायला बसलं. त्यांच्या लक्षात आलं की कंपनीचे निरनिराळे विभाग आणि कारखाने एकाच पुरवठादाराकडून व्हॅनिला घेत होते आणि त्यासाठी चक्क २९ वेगवेगळे भाव देत होते. हे इतकी वर्षं कोणाला कळलं कसं नाही? कारण सोपं आहे. प्रत्येक कारखान्याने आपापल्या दप्तरात त्या व्हॅनिलाला आपलं नाव, आपला क्रमांक दिला होता. नावंच वेगळी, मग भावांची तुलना करणार कशी? सगळी मिळून कंपनी एक, पण खतावण्या नऊ.

आता मराठीत 'नाव ठेवणं' या शब्दांची गंमत बघा. बारशाला आपण बाळाचं नाव ठेवतो. आणि दोष काढायचा असेल तेव्हा नावं ठेवतो. ईआरपीबद्दल आज जे म्हणायचं आहे ते या दोन अर्थांना धरूनच आहे. या सॉफ्टवेअरची ताकद वेगात आहे असं सांगितलं जातं. आमच्या मते ती बारशात आहे. जगभर पसरलेल्या कंपनीत प्रत्येक वस्तूचं, पुरवठादाराचं, खर्चाचं एकच नाव ठरवण्याचा अधिकार ते मुख्यालयाच्या हाती देतं. तिथवर ठीक. पण त्याच वेळी दुसरा अधिकार, म्हणजे त्या नोंदीला नावं ठेवण्याचा, "हे चुकलंय" असं म्हणण्याचा अधिकार, साखळीतल्या बाकीच्यांच्या हातून न बोलता निसटतो. आपली टीका या दुसऱ्या गोष्टीवर आहे.

आधी 'मूल्यसाखळी' हा शब्द नीट समजून घेऊ. तो रूढ केला मायकेल पोर्टर यांनी, १९८५ सालच्या 'कॉम्पेटिटिव्ह अ‍ॅडव्हान्टेज' या पुस्तकात. त्यांनी कंपनीचं काम नऊ भागांत मांडलं. कच्चा माल आत येणं, त्यावर प्रक्रिया, तयार माल बाहेर जाणं, विक्री आणि विक्रीनंतरची सेवा, ही पाच मुख्य कामं. खरेदी, तंत्रविकास, माणसांचं व्यवस्थापन आणि हिशेब-प्रशासन वगैरेची एकूण चौकट, ही चार आधार देणारी. विद्यार्थी परीक्षेत हे नऊ भाग पाठ लिहितात आणि पोर्टर यांचा खरा मुद्दा विसरतात. त्यांचा भर कड्यांवर जितका होता तितकाच कड्यांमधल्या जोडांवर होता. खरेदी विभागाने थोडा महाग पण चांगला माल घेतला, तर कारखान्यात खराबा कमी होतो. एका कडीत केलेला खर्च दुसऱ्या कडीत वाचतो. शिवाय त्यांनी हेही सांगितलं की पुरवठादाराची स्वतःची एक साखळी असते, ती आपल्या साखळीला येऊन मिळते.

कागदावर हे चित्र देखणं होतं. प्रत्यक्षात प्रत्येक कडीची वही वेगळी. गोदामाची वेगळी, खरेदीची वेगळी, हिशेबनिसांची तिसरीच. हे जोड खरोखर बांधले ते सॉफ्टवेअरने. साठच्या दशकात आयबीएममधल्या जोसेफ ऑर्लिकी यांनी कच्च्या मालाच्या गरजेचं गणित संगणकावर मांडण्याची पद्धत घडवली. १९७२ साली आयबीएम सोडलेल्या पाच अभियंत्यांनी जर्मनीत एसएपी काढली. त्यांचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे आयसीआय या ब्रिटिश रसायन कंपनीचा जर्मनीतला कारखाना. पगार आणि हिशेब यांपासून कामाला सुरुवात झाली. १९९० साली गार्टनर या सल्लागार संस्थेने या सगळ्या प्रकाराला 'ईआरपी' हे नाव दिलं. १९९२ मध्ये एसएपीचं आर-थ्री आलं आणि बहुराष्ट्रीय कंपन्यांची रांग लागली. त्यातला 'आर' म्हणजे रिअल टाइम, जेव्हाचं तेव्हा.

जेव्हाचं तेव्हा म्हणजे काय? गोदामात ट्रक आला. गोदामपालाने माल मोजून पडद्यावर आकडा भरला. त्याच क्षणी साठा वाढला, हिशेबात पुरवठादाराचं देणं उभं राहिलं, उद्याच्या उत्पादनाची आखणी बदलली आणि दुसऱ्या देशातल्या अधिकाऱ्यालाही ते दिसलं. एक नोंद, चार परिणाम. पूर्वी याच कामाचा कागद चार टेबलांवरून जायचा, चार दिवस लागायचे. पण एक गोष्ट आपण विसरतो. त्या चारही टेबलांवर कोणीतरी तो कागद वाचायचं. "अहो, हे चाळीस नाही, चारशे असणार," असं म्हणायचं. उशीर व्हायचा हे खरं, पण त्या उशिरातच चूक पकडली जायची. नव्या रचनेत उशीर गेला आणि त्याबरोबर ते वाचणारे डोळेही गेले. सिस्टीममध्ये तपासण्या असतात, नाही असं नाही. पण पहिली नोंद चुकली आणि त्या तपासण्यांतून निसटली, तर चूकही जेव्हाची तेव्हा चारही ठिकाणी पोचते.

नेस्लेला या बारशाचा फायदा झाला का? झाला, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. अमेरिकेतल्या या प्रकल्पावर सुमारे २१ कोटी डॉलर खर्च झाले. कंपनीच्या सांगण्याप्रमाणे २००२ पर्यंत बचत झाली ३२.५ कोटी डॉलरची, आणि त्यातली मोठी बचत मागणीचा अंदाज सुधारल्यामुळे. २००० साली मूळ कंपनीनेही जगभरासाठी एसएपीशी २० कोटी डॉलरचा करार केला. म्हणजे टीका करताना "हे सगळं फसवं आहे" असं म्हणायची सोय आपल्याला नाही. मग अडचण कुठे येते, ते दुसऱ्या एका गोड कंपनीकडे जाऊन बघू.

हर्शी ही अमेरिकेतली चॉकलेट बनवणारी जुनी कंपनी. १९९९ साली तिचा ११.२ कोटी डॉलरचा प्रकल्प प्रत्यक्ष वापरात आला. एसएपी आणि त्यासोबत आणखी दोन कंपन्यांची सॉफ्टवेअर, तिन्ही एकाच वेळी. चार वर्षांचं काम अडीच वर्षांत बसवलं. एप्रिलमध्ये सुरू व्हायची ती व्यवस्था जुलैत सुरू झाली. आणि तिकडे जुलैनंतर काय येतं? हॅलोविन. आपल्याकडे दिवाळीच्या तोंडावर मिठाईच्या दुकानांची जी गडबड असते, ती तिथे चॉकलेटवाल्यांची ऑक्टोबरात असते. त्या हंगामात हर्शीला सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेत पुऱ्या करता आल्या नाहीत. त्या तिमाहीचा नफा १९ टक्क्यांनी खाली आला.

चॉकलेट नव्हतं म्हणून नव्हे. चॉकलेट होतं! कारण वाचून आम्हाला फार काही शिकायला मिळालं. हंगामाआधी जादा माल ठेवायला जागा पुरत नसे, तेव्हा तो कारखान्यातल्या रिकाम्या खोल्यांत, तात्पुरत्या घेतलेल्या जागांत रचून ठेवायची तिथे जुनी वहिवाट होती. कुठे काय ठेवलंय हे तिथल्या माणसांना तोंडपाठ. पण नव्या सॉफ्टवेअरमध्ये साठवणुकीच्या ठिकाणांची यादी करताना या खोल्यांची नावं घातलीच गेली नाहीत. ज्या खोलीला नाव नाही ती खोली सिस्टीमच्या लेखी नाही. आणि खोली नाही म्हणजे तिच्यातलं चॉकलेटही नाही.

हा नुसता निष्काळजीपणा होता असं म्हणून आपण पुढे जाऊ शकतो. बहुतेक व्यवस्थापनाच्या वर्गांत तसंच शिकवतात: घाई केली, सणाच्या तोंडावर केली, तिन्ही सॉफ्टवेअर एकदम सुरू केली. हे सगळं खरंच आहे. पण एक प्रश्न उरतो. रिकाम्या खोल्यांत चॉकलेट असतं हे ज्याला ठाऊक होतं, तो माणूस यादी बनते त्या बैठकीत होता का? बहुधा नव्हता, नाहीतर खोल्या राहिल्या नसत्या. मूल्यसाखळीच्या चित्रात 'माल बाहेर जाणं' अशी एक सुबक चौकट असते. तिच्या आत हा माणूस आणि त्याची माहिती असते, पण चौकटीला ती माहिती दिसत नाही. आणि न्याय म्हणून हेही सांगायला हवं की २००२ मध्ये याच हर्शीने याच सॉफ्टवेअरची पुढची आवृत्ती व्यवस्थित बसवली. म्हणजे दोष त्या यंत्राच्या माथी मारून भागणार नाही.

आता टीकाकारांकडे वळू. थॉमस डेव्हनपोर्ट यांनी १९९८ साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये या विषयावर एक लेख लिहिला. आजही तो वाचण्यासारखा आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: हे सॉफ्टवेअर कंपनीवर स्वतःचा तर्क लादतं. जिथे विभाग वेगळे राहिले तर बरं, तिथेही ते सगळं एकत्र आणतं. जिथे कंपनीची खास पद्धत हेच तिचं भांडवल असतं, तिथेही ते सर्वसाधारण पद्धत घुसवतं. म्हणून वरिष्ठांनी हा संगणक विभागाचा प्रश्न न मानता धंद्याचा प्रश्न मानावा, आणि देशोदेशीच्या शाखांना काही बाबतीत मोकळीक द्यावी.

विक्रेते ज्याला 'बेस्ट प्रॅक्टिस' म्हणतात, तिच्याबद्दल डेव्हनपोर्ट यांची ही शंका किती रास्त होती हे वीस वर्षांनी जर्मनीतच दिसलं. लिडल ही तिसेक देशांत दुकानं असलेली स्वस्त किराण्याची साखळी. २०११ पासून त्यांनी एसएपीवर आधारित नवी व्यवस्था उभारायला घेतली. जुलै २०१८ मध्ये ती गुंडाळली. तोवर सुमारे ५० कोटी युरो खर्च झाल्याचं जर्मन वृत्तपत्रांनी छापलं. बातम्यांत आलेलं एक मुख्य कारण ऐकायला किती किरकोळ वाटतं बघा. लिडल आपला साठा खरेदीच्या भावाने मोजायची. सॉफ्टवेअरची प्रचलित पद्धत विक्रीच्या भावाने मोजण्याची. कंपनीने आपली रीत सोडली नाही, सॉफ्टवेअर तिच्यासाठी बदलत नेलं, आणि बदलता बदलता ते सांभाळणंच कठीण झालं.

यावर दोन बाजूंनी बोललं गेलं. एक म्हणते, लिडलने हट्ट केला. दुसरी म्हणते, सॉफ्टवेअर ताठर. आम्हाला तिसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. साठा कोणत्या भावाने मोजायचा हा वरवर हिशेबनिसांचा प्रश्न. पण किराण्याच्या धंद्यात खरेदीच्या भावाकडे सतत डोळा ठेवणं हाच स्वस्त विकणाऱ्याचा स्वभाव असतो. त्या मोजमापाला हात लावला की धंद्याच्या स्वभावाला हात लागतो. लिडल धनाढ्य आहे, तिला "नाही" म्हणणं परवडलं. ५० कोटी युरो मोजून का होईना, तिने सॉफ्टवेअरला नावं ठेवली. हे ज्यांना परवडत नाही त्यांचं काय?

आणि इथे डेव्हनपोर्ट आपल्याला पुरे पडत नाहीत. त्यांचा लेख वरिष्ठ व्यवस्थापकांना उद्देशून आहे, त्यामुळे मोकळीक द्यायची की नाही हे ठरवणारे शेवटी तेच. शिवाय त्यांची नजर बहुतांशी कंपनीच्या कुंपणाच्या आत राहते. पोर्टर यांनी कुंपणाबाहेरच्या पुरवठादाराची साखळी निदान दाखवली तरी होती.

म्हणून आता आपण आपल्या अंगणात येऊ. हे उदाहरण काल्पनिक आहे, पण या क्षेत्रात काम केलेल्यांना ते ओळखीचं वाटेल. समजा, चाकणमधला एक लहान कारखानदार एका परदेशी मोटार कंपनीला वॉशर पुरवतो. तो माल किलोवर मोजतो. कंपनीच्या सिस्टीममध्ये मात्र वॉशर नगावर नोंदलेला आहे, आणि एका किलोत किती नग हा आकडा तिथे कोणीतरी चुकीचा भरून ठेवलाय. सिस्टीम बिल देण्याआधी तीन कागद ताडून बघते: ऑर्डर, माल मिळाल्याची नोंद आणि बिल. तिन्ही जुळले तर पैसे सुटतात. नाही जुळले तर बिल अडकतं. आपोआप, कोणाचाही राग-लोभ नसताना.

कारखानदार फोन करतो. पूर्वी तो खरेदी विभागातल्या साहेबांना भेटायला गेला असता. आता साहेब म्हणतात, "माझ्याकडे काही नाही हो, सिस्टीममध्ये ब्लॉक दिसतंय." मग तक्रार जाते सेवा केंद्राकडे. ही केंद्रं याच सॉफ्टवेअरची उपज. सगळ्या देशांतले हिशेब एका साच्यात आले की बिलं तपासण्याचं काम कारखान्याजवळ असायची गरज उरत नाही. ते पुण्यात, मनिलात किंवा पोलंडमधल्या क्राकोवमध्ये बसून करता येतं. पोर्टर यांच्या चित्रातली आधार देणारी कामं अशी साखळीतून सुटी होऊन जगभर गेली, आणि त्यावर आपल्याकडच्या हजारो घरांची चूल पेटली. हाही फायदाच आहे, तो सांगितलाच पाहिजे. पण त्या केंद्रातल्या मुलीला अडकलेलं बिल दिसतं, किलो आणि नगाचा घोळही कळतो, तरी तो आकडा दुरुस्त करायची परवानगी तिला नसते. ती असते वस्तूंची मूळ नावं आणि मोजमापं सांभाळणाऱ्या तिसऱ्याच पथकाकडे, बहुधा तिसऱ्याच देशात.

दरम्यान कारखानदाराने कामगारांचा पगार व्याजाने पैसे काढून दिला. लहान उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असं २००६चा कायदा सांगतो. पण त्याचा बडगा दाखवून आपल्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाशी भांडायला लहान माणूस सहसा धजत नाही. म्हणजे बघा, चूक मुख्यालयाच्या नोंदीतली, दुरुस्तीची किल्ली मुख्यालयाकडे, आणि उशिराचं व्याज चाकणमध्ये. कंपनीच्या ताळेबंदात हे व्याज कुठेच दिसणार नाही. उलट देणी उशिरा गेल्यामुळे तिची रोकड काही दिवस जास्तच दिसेल. 'साखळीची कार्यक्षमता वाढली' असं जेव्हा अहवालात छापून येतं, तेव्हा त्यात असलं व्याज मिसळलेलं नाही ना, हे आपण विचारलं पाहिजे.

कोणी म्हणेल, हा सॉफ्टवेअरचा दोष नाही, मोठ्या-लहानाचं नातं आधीपासून असंच आहे. बरोबर आहे. मोठं गिऱ्हाईक पूर्वीही पैसे लटकवायचं. फरक एवढाच की तेव्हा लटकवणाऱ्याला तोंड होतं. त्याच्याशी हुज्जत घालता यायची, ओळख काढता यायची, चहा पिता पिता वॉशर मोजून दाखवता यायचे. आता कोणी नाही म्हणत नाही, आणि कोणी हो म्हणू शकत नाही.

मग उपाय काय? तोही आपल्याला नेस्लेच्याच गोष्टीत सापडतो. व्हॅनिलाची गोष्ट सांगणारे तिचा पुढचा भाग बऱ्याचदा सांगत नाहीत. जून २००० मध्ये नेस्लेला अमेरिकेतला प्रकल्प मधेच थांबवावा लागला होता. विक्रेत्याने गिऱ्हाइकाला सवलत दिली आणि नव्या सिस्टीममध्ये नोंदली, तरी वसुली विभागाला ती दिसत नसे. त्यांना वाटायचं, याने बिल अर्धवट भरलंय. मागणीचा अंदाज बांधणाऱ्या लोकांमध्ये नोकरी सोडून जाण्याचं प्रमाण ७७ टक्क्यांवर गेलं. जे राहिले त्यांना आपले जुने तक्ते सोडवेनात. आणि शोध घेतल्यावर काय निघालं? ज्यांच्या कामावर या बदलाचा थेट परिणाम होणार होता, त्यांच्यापैकी कोणालाही सुरुवातीच्या आखणीत घेतलेलंच नव्हतं. मग काम थांबवून फेरआखणी झाली. आधी कामाची गरज ठरवायची, तारीख मागून, असा क्रम लावला. ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांच्याशी बोलणं सुरू झालं. ३२.५ कोटींची ती बचत आपण वर पाहिली, तिच्या वाटेत हे थांबणं आहे.

म्हणून ईआरपीचं मूल्यमापन करताना मुख्यालयाला किती दिसतं एवढंच विचारू नये, असं आमचं म्हणणं आहे. ते त्याला दिसणारच, त्यासाठीच तर ते विकत घेतलं. विचारायचं ते असं: साखळीच्या दुसऱ्या टोकाला उभा असलेला माणूस एखादी नोंद चुकीची आहे असं म्हणाला, तर ती किती दिवसांत आणि कोणाच्या सहीने दुरुस्त होते? आणि तोवरचा खर्च कोणाच्या खिशातून जातो? या दोन प्रश्नांची उत्तरं कंपनीकडे तयार असतील, तर एकच नाव, एकच वही ही व्यवस्था सगळ्यांच्या कामाची आहे. नसतील, तर ती अर्धीच बसली आहे, मग पडद्यावर सगळे दिवे हिरवे असोत.

या सभागृहात आणि पडद्यापलीकडे हे काम करणारे बरेच जण आहेत, म्हणून शेवटी एक विनंती. पुढच्या वेळी वस्तूंची यादी करायला बसाल तेव्हा एक खुर्ची गोदामपालासाठी ठेवा आणि शक्य झालं तर एक पुरवठादारासाठी. ते तुमच्या यादीला नावं ठेवतील. ती ऐकून घ्या, लिहून घ्या. हर्शीच्या त्या खोल्यांची नावं त्यांनाच ठाऊक असतात.

इथे थांबू. आता प्रश्न घेऊ या.